पहिला घास आणि ऑलवेजची जागा

माझ्या साडभावाचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. मागून घोटाळा नको.

साडभाऊ म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. नाव विलासराव. आदिलाबादला त्यांचं मोबाईलचं दुकान आहे आणि दुकानाच्या वरच्या खोलीत त्यांनी बोलक्या इंग्रजीचा क्लास काढलाय. आणि मी? मी इचोड्याच्या सरकारी शाळेत इंग्रजी शिकवतो. त्या इंग्रजीत माझे केस पिकले. पोरं मला तेलुगू वळणानं सरचं 'सारू, सारू' करत मागे फिरतात आणि पेपरात 'ही गो' लिहून येतात. पण आदिलाबादच्या बसस्टँडसमोर बोर्ड कोणाचा? विलासरावांचा! त्यावर त्यांचा टाय घातलेला फोटो. (हा माणूस स्वतःच्या लग्नात शर्टाचं वरचं बटण लावायला तयार नव्हता!) आदिलाबादेत काम निघालं की त्या बोर्डाखालूनच जावं लागतं. मी मान खाली घालून निघतो, आणि नेमकी तिथंच आमची बायको संगीता थांबते.

"कसे सायबावानी दिसून राह्यले ना आपले विलासराव!"

"टाय बांधला त बुजगावणं पण सायेब दिसते," मी म्हणालो.

"मंग तुमी काऊन नाही बांधत?"

मी बोर्डाकडे पाठ करून बस पकडली.

तर मी जळतो. लपवायचं काय त्यात? माणूस माझ्याच विषयात शिरला, माझ्याच सासुरवाडीत शिरला, आणि दोन्हीकडे माझ्यापेक्षा जास्त टाळ्या घेऊन राहिला. मी जळू नको तर काय भजन म्हणू?

तरी आजवर हे सगळं पोटातल्या पोटात चाललं होतं. ते बाहेर पडलं माझ्या सर्वांत धाकट्या साळीमुळे, म्हणजे मेहुणीमुळे. स्वाती हुशार पोरगी. डिग्री झाली, आणि हैदराबादच्या एका मोठ्या कंपनीतून तिला मुलाखतीचं बोलावणं आलं. काम फोनवर गिऱ्हाइकांशी बोलायचं, मुलाखत सगळी इंग्रजीत. मी ते ऐकलं आणि शर्टाच्या बाह्या सरसावल्या. घरात इंग्रजीचा सरकारमान्य मास्तर एकच. स्वातीला तयार करायची तर मीच करणार, ती पास झाली की सासरा साऱ्या गावाला सांगणार, 'मोठ्या जवायानं केलं', आणि तो बोर्ड आपोआप फिका पडणार. एवढा साधा हिशेब होता माझा.

मी संगीताला म्हणालो, "स्वातीले सांग, उद्यापासून रोज फोनवर शिकवतो."

संगीता भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "विलासराव शिकोवून राह्यले ना तिले. आठ दिवस झाले, त्यायच्याकडंच हाय ती."

माझ्या पोटात जे दुखलं, ते कोणत्याच डॉक्टरला दाखवता येत नाही.

"मले काऊन नाही विचारलं?"

"तुमी रागावता म्हणते ती. मागच्या खेपी तिनं एक स्पेलिंग चुकवलं त तुमी फोन ठेवून देल्ला होता."

दुसऱ्या दिवशी संगीता विलासरावांच्या बायकोशी व्हिडिओवर बोलत होती. तिकडे मागे विलासरावांचा क्लास चालू होता आणि त्यांचा खणखणीत आवाज माझ्या कानावर आला, "बोला स्वाती, आय ऑलवेज विल हेल्प द कस्टमर!"

मी खुर्चीतून उठलो. उठलो म्हणजे उडालो! ऑलवेज विल? अहो, विल ऑलवेज! सातवीच्या पोराला कळतं हे. (कळत नाही, पण कळायला पाहिजे.) विल, कॅन, मस्ट, शुड ही मंडळी वाक्यात आली की ऑलवेज, नेव्हर, फर्स्ट असले शब्द त्यांच्या नंतर आणि मुख्य क्रियापदाच्या आधी, असे मधात बसवायचे. आय विल ऑलवेज हेल्प. साधी गोष्ट! पण टायवाल्याला ठाऊक नव्हती. देवानं त्या दिवशी माझ्या हातात काठी दिली. आता फक्त चार माणसांत ती मारायची होती.

जागाही देवानंच दिली. धोंड्याचा महिना लागला. दर तीन वर्षांनी अधिक महिना येतो, त्यात सासुरवाडीला जवाई म्हणजे साक्षात नारायण. नार्नूरच्या पलीकडे सासऱ्यांचं गाव. कापूस-ज्वारीचं घर, माणसं साधी, पण जवायांच्या मानपानात एकदम कडक. सासऱ्यांचा फोन आला, "दोघंही जवाई एकाच दिवशी या. स्वातीबी आली हाय."

त्या घरचा एक रिवाज मात्र आत्ताच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पंगतीत पहिला घास थोरल्या जवायाचा. त्यानं तोंडात घातल्याशिवाय बाकी कोणी हात लावायचा नाही. आणि थोरल्या जवायानं ताट समोर असून घास खाल्ला नाही, तर जवाई रुसला! रुसलेल्या जवायाला 'काय पाहिजे' असं विचारायचंही नसतं, तो अपमान. आपणच ओळखायचं आणि एकेक वस्तू समोर ठेवत जायचं. सासऱ्यांच्या बहिणीचे यजमान म्हणे एकदा असेच रुसले आणि गोऱ्हा घेऊनच उठले. ती गोष्ट मला लग्नात ऐकवली होती, प्रत्येक दिवाळीत ऐकवली होती. मला ती पाठ होती, हो! पण विल आणि ऑलवेजच्या भरात डोक्यातून साफ गेली.

बसमध्ये मी खिडकीशी बसून उदाहरणं जुळवत होतो. ओठ हलत होते. संगीता म्हणाली, "काय पुटपुटून राह्यले?"

"स्तोत्र."

"आपण जेवाले चाल्लो. पेपर तपासाले नाही. ध्यानात ठेवा."

आम्ही बसमधून घामाघूम उतरलो, धुळीतून चालत वाड्यात पोचलो, आणि विलासराव आले मोटारीतून. थंडगार! उतरले तर कपड्याची घडीसुद्धा मोडलेली नाही. सासऱ्यांनी मला "या जवाई" म्हटलं, आणि त्यांना म्हटलं, "या या जवाईबापू, रस्त्यानं तरास त नाही ना झाला?" मोटारीत बसून आलेल्या माणसाला रस्त्याचा काय त्रास? त्रास मला झाला होता! सासूबाईंनी पाय धुतले, ओवाळलं, टॉवेल-टोपी दिली. दोघांना सारखंच दिलं म्हणतात. पण विलासरावांचा टॉवेल थोडा जाड होता. मी दाबून पाहिला.

विलासराव माझ्या पाया पडले. "कसे आहा दादा? शाळा काय म्हणते?" (आवाजात नुसती साय! अशी माणसं फार धोक्याची.)

पंगत बसली. मधल्या सोप्यात पाट, रांगोळी, उदबत्त्या. पहिला पाट माझा, दुसरा विलासरावांचा, मग सासरे, मग भाऊबंद आणि शेजारचे विठोबाअप्पा. या अप्पांना साखरेचा आजार. गोळी घेऊनच पंगतीला बसले होते, कारण रिवाजाप्रमाणे आता दोन मिनिटांत जेवण सुरू होणार होतं. ताटात पुरणपोळी, कढी, वडे, भजी, तुपाची वाटी आणि धोंड्याचे अनारसे. मी पोळीचा तुकडा मोडला, तुपात बुडवला आणि घास उचलला. सगळी पंगत माझ्या हाताकडे बघत होती.

तेवढ्यात स्वाती समोर आली. तयारी दाखवायची हौस. "भाऊजी, आज मी तुमचं स्वागत इंग्रजीत करते." आणि खणखणीत म्हणाली, "आय ऑलवेज विल रिस्पेक्ट माय भाऊजी!"

विलासरावांनी मान डोलावली. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"थांब!" मी म्हणालो. आणि तोंडाजवळ आलेला घास परत ताटात ठेवला.

टाळ्या थांबल्या. सोप्यात एकदम असं चिडीचूप झालं की कूलरचा खडखडाट ऐकू यायला लागला. मला वाटलं, वा! याला म्हणतात वर्गावर पकड. शाळेत आजवर असं कधी झालं नव्हतं.

"स्वाती, हे कोणं शिकोवलं तुले?" मी विचारलं, आणि विलासरावांकडे बघितलं. ते पांढरे पडले.

"ऑलवेज पहिले नाही येत बाई. पाहा, मोटरसायकलवर बाप कुठं बसते? पुढं. माय? मागं. अन् लेकरू? मधात! विल म्हणजे बाप. रिस्पेक्ट म्हणजे माय. ऑलवेज म्हणजे लेकरू. लेकराले टाकीवर बसोवता का तुमी?"

"बसोवते ना," एक पोट्टं म्हणालं. "आमचे बाबा टाकीवरच बसोवते."

त्याच्या आईनं त्याला चिमटा काढला. मी दुर्लक्ष केलं आणि पुढे निघालो. कॅन घेतला. मस्ट घेतला. शुडला तर मी फार रंगलो.

तेवढ्यात सासूबाई आतून आल्या. डोळ्यात पाणी. त्यांनी माझ्या ताटाजवळ पितळेचा नवा घडा ठेवला. मी मनात म्हणालो, पाहा! बाई शिकलेली नाही, पण विद्येची कदर आहे. मी हात जोडले आणि दुप्पट जोरात नेव्हर शिकवायला घेतला.

घड्यानं जवाई मानत नाही, असं दिसल्यावर सासरे उठले. आतून धोतराचं पान आणलं, माझ्या मांडीवर ठेवलं. मी नको नको म्हणालो. (तोंडानं. हात आपोआप पुढे गेला. टॉवेलची भरपाई झाली असं वाटलं.) आणि त्या 'नको नको'नं तर आगीत तेलच पडलं. सोप्यात कुजबूज सुरू झाली. दारात शेजारच्या बाया जमल्या. खिडकीत पोरं चढली. मी बघितलं, आणि छाती फुगली. इंग्रजी ऐकायला गाव जमलंय! कुठाय तो बोर्ड?

इकडे पापड सादळले. कढीवर साय आली. विठोबाअप्पा कपाळाचा घाम पुसत म्हणाले, "जवाई, मी गोळी घेतली हाय बापा..."

"अप्पा, फक्त एक उदाहरण," मी म्हणालो. "यू शुड नेव्हर इंटरप्ट. म्हणजे मधात बोलू नये."

अप्पांनी डोळे मिटले.

आणि मग विलासराव उठले. पाटावरून उठून माझ्यासमोर उभे राहिले आणि हात जोडले. "दादा, मी चुकलो. सर्वांसमोर सांगतो. मोठे तुमी. मी तुमाले न इचारता हे करायचं नव्हतं. माफ करा."

काय सांगू तुम्हाला! इतक्या वर्षांची जळजळ एका क्षणात थंडावली. ऑलवेजची चूक भर पंगतीत कबूल! मी मोठ्या मनानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "होते विलासराव. इंग्रजी काही सर्वांचं काम नाही."

पण घास मात्र मी अजून घेतलाच नव्हता. मला एक शेवटचं उदाहरण द्यायचं होतं, ते प्रोबॅबलीचं. मी बोट वर केलं.

वर गेलेलं बोट बघून सासऱ्यांचा बांध फुटला. ते गोठ्याकडे बघत ओरडले, "देल्ली! तांबडी कालवड देल्ली मोठ्या जवायाले! आता त मान्य करा बापा!"

मी बोट खाली घेतलं. कालवड? प्रोबॅबलीला कालवड?

तेव्हा संगीता आली. वाढायचं निमित्त करून माझ्या कानाशी वाकली आणि दात-ओठ खात म्हणाली, "अहो, गिळा तो घास! सारं गाव म्हणून राह्यलं, मास्तर कालवडीसाठी रुसले!"

गोऱ्ह्याची गोष्ट तेव्हा मला आठवली. सगळी, पहिल्यापासून.

मी तो घास असा तोंडात कोंबला की ठसका लागला. विलासरावांनी पाठ चोळली. (तिथंही तेच!) पंगत तुटून पडली. विठोबाअप्पांनी सलग दोन पोळ्या खाऊन मग श्वास घेतला. मी सांगायचा प्रयत्न केला, "मामाजी, मी रुसलो नव्हतो. मी त ऑलवेज..."

"हाव जवाई, हाव," सासरे प्रेमानं म्हणाले. "आमी कुठं काही म्हटलं? ज्याचा मान त्याले."

कालवड परत घ्यायला ते तयार नव्हते. दिलेला शब्द! मग तिला इचोड्याला न्यायला टेंपो कोणी बघून दिला? विलासरावांनी. तिच्यासोबत मागे उभं राहून कोण आलं? मी. आम्ही भाड्याच्या घरात राहतो, अंगणात जेमतेम माझी स्कूटर मावते. कालवड स्कूटरच्या आणि दाराच्या मधात बांधावी लागली. शेजारीपाजारी विचारायचे, "सारू, हे काय?" संगीता आतून उत्तर द्यायची, "यायच्या शिकवणीची फी!"

त्या दिवसापासून घरात माझी काय किंमत राहिली ते सांगत नाही. सासुरवाडीचा फोन आला की मी आंघोळीला जायचो. पण एक आशा होती. स्वाती. तिची मुलाखत व्हायची होती. ती विल ऑलवेज म्हणाली आणि पास झाली, तर श्रेय माझं. कालवड विसरतील लोक, नोकरी नाही विसरणार.

आणि फोन आला! संगीतानं स्पीकरवर टाकला. तिकडून सासूबाईंचा आनंदाचा रडका आवाज, मग स्वाती, "ताई, झालं माझं! घेतलं मले!"

मी टॉवेलवरच बाहेर धावलो. "स्वाती! ऑलवेज कुठं टाकलं?"

"मधात, भाऊजी! सारं मधात टाकलं!"

माझे डोळे भरून आले. मी संगीताकडे असं बघितलं, जसं मी नाही तर कोणी तरी टाय घातलेला माणूस बघतोय. "ऐकलं? नियम कोणाचा?"

"तुमचाच भाऊजी," स्वाती म्हणाली. "त्याईनं इचारलं ना, कठीण गिऱ्हाईक आलं, काही केल्या ऐकत नाही, त काय करसान? मी घाबरलीच होती. मंग मले एकदम तुमीच आठवले."

"मी?"

"हो ना! मी म्हटलं, सर, आमच्या घरी मोठे भाऊजी हायत. भरलं ताट समोर ठेवते अन् जेवतच नाही. पाठ होतं माझं सारं. वी मस्ट फर्स्ट लिसन. वी शुड नेव्हर इंटरप्ट. वी कॅन ऑलवेज गिव्ह समथिंग. अन् मंग घडा, धोतर, कालवड, सारं सांगितलं. भाऊजी, ते सायेब इतके हासले, इतके हासले, की एकानं चष्मा काढून डोळे पुसले! म्हणे, ज्या पोरीनं हे गिऱ्हाईक सांभाळलं, ती आमची सारी गिऱ्हाइकं सांभाळते. लगेच घेतलं!"

संगीता भिंतीला टेकून खाली बसली. हसून हसून तिला उचकी लागली. अंगणात कालवडही हंबरली.

म्हणजे स्वातीची नोकरी माझ्यामुळेच लागली. मास्तर म्हणून नाही, गिऱ्हाईक म्हणून लागली, एवढाच काय तो फरक.

संध्याकाळी विलासरावांचा फोन आला. आवाजातली साय पार आटलेली. इकडचं तिकडचं बोलले, कालवडीची तब्येत विचारली. मग म्हणाले, "दादा, एक इचारू? रागावू नका. इतके दिवस मी शिकोवलं तिले. रोज. पण तिथं तिनं माझं नावबी नाही घेतलं. सारं तुमचंच. माझं एक उदाहरण द्यायले काय झालं होतं?"

मी फोन कानाला घट्ट लावला. पुन्हा बोलायला लावलं. खरंच तसंच म्हणत होते! काळजात असा गारवा पसरला म्हणता! त्या रात्री ताट आल्याबरोबर मी पहिला घास घेतला. संगीता थक्क झाली.

"आज काऊन वाढल्या वाढल्या जेवून राह्यले?"

"विलासराव जळून राह्यले माझ्यावर," मी भरल्या तोंडानं म्हणालो.

इतकी वर्षं वाट बघितली होती मी या दिवसाची. शेवटी तो माणूस माझ्यावर जळला. आणि कशासाठी जळला? तर घरातला सर्वांत त्रासदायक जवाई म्हणून त्याच्याऐवजी माझी निवड झाली म्हणून!